चिटणीस सरांचं निकोटीन

चिटणीस सरांच्या शोकसभेत नऊ जण बोलले. मी मोजले, कारण तिथं बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नऊपैकी सात जणांनी सांगितलं, की तंबाखूच्या पानाला हात न लावता प्रयोगशाळेत निकोटीन तयार करणारे सर हे उज्जैनमधले पहिले शास्त्रज्ञ. उरलेल्या दोघांपैकी एक त्यांचे व्याही होते, ते स्वभावाबद्दल बोलले. दुसरे नगरसेवक. त्यांना निकोटीन हा शब्द काही केल्या म्हणता येईना, म्हणून त्यांनी ‘वो जो दवाई उन्होंने खोजी’ यावर भागवलं. शेवटी सूत्रसंचालकानं माझं नाव घेतलं. सव्वीस वर्षं मी त्यांच्या रसायनशास्त्र विभागात शिकवलं, मी बोलणं साहजिकच होतं. मी गळ्याकडे हात नेला आणि नकारार्थी मान हलवली. लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. माझा घसा ठणठणीत होता.

तंबाखूच्या पानाला हात न लावता, हे मात्र शंभर टक्के खरं. सरांनी तंबाखूच्या पानाला हात लावला नव्हता. त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

दिगंबर चिटणीस दिसायला देखणे होते. उंच, गोरे, मागे वळवलेले दाट केस आणि फोटोसाठीच घडवल्यासारखं नाक. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचा पांढरा कोट वर्षभरात पांढरा राहत नाही. माझ्या कोटावर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग आहेत आणि खिशाजवळ आम्लानं पडलेली तीन भोकं आहेत. सरांचा कोट मात्र दुधासारखा. रोज साडेअकराला भेरूलाल तो हँगरवरून स्टाफरूममधून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत घेऊन यायचा. सर दारात तो घालायचे, हात पाठीमागे बांधून टेबलांमधून एक चक्कर मारायचे आणि परत दाराशी येऊन कोट उतरवून भेरूलालच्या हातात द्यायचे. चक्कर संपली, की त्यांचं त्या दिवसाचं प्रात्यक्षिक संपलं.

भेरूलाल म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. आठवीपर्यंत शिकलेला, पण नुसत्या वासावरून बाटलीत काय आहे ते सांगायचा. विभाग चालायचा तो त्याच्यावर. सरांच्या दृष्टीनं तो कोट उचलण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी होता. पाणी म्हणजे पिण्याचं. सर नळाचं पाणी पीत नसत. ‘क्षिप्रेत काय काय सोडतात, कल्पना आहे का तुम्हाला, बाई?’ असं म्हणून ते प्रयोगासाठी गाळलेलं डिस्टिल्ड वॉटर प्यायचे, रोज दोन लिटर. प्रात्यक्षिकाच्या वेळी पोरं रिकामे फ्लास्क घेऊन पाण्यासाठी रांगेत उभी, आणि इकडे सर ग्लासातून एकेक घोट चाखत बसलेले. पोरांनी त्यांचं नावच ‘डिस्टिल वॉटर’ ठेवलं होतं. रंग नहीं, स्वाद नहीं, अंदर कुछ नहीं. हे नाव मीच ठेवलं असा सरांना शेवटपर्यंत संशय होता. मी ठेवलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांचं घराणं जुनं, शिंद्यांच्या दरबारात खलिते लिहिणारं. हे ते दर सत्राच्या पहिल्या तासाला सांगत. ‘आमच्या अक्षरावर दौलत चालायची!’ स्वतः फळ्यावर क्वचित लिहायचे. लिहिलंच तर बेंझीनच्या षट्कोनाला कधी पाच बाजू असायच्या, कधी सात. माझे वडील बँकेच्या बदलीनं नागपूरहून इथं आलेले, म्हणून माझी मराठी त्यांना बाजारू वाटायची. ‘बाई, कमरा काय म्हणता? खोली म्हणा, खोली. आपणच भाषा बिघडवली तर या लोकांनी काय करायचं?’ असं मला सुनवून लगेच पुढच्या वाक्यात, ‘त्या पोराला मी आज चांगला डांटला.’

एक शब्द त्यांचा खास होता. मूलभूत. विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, की सर डोळे मिटून हसायचे आणि म्हणायचे, ‘ये तो मूलभूत है बेटा, मूलभूत!’ पोरगं ओशाळून खाली बसायचं. इतकं सोपं आपल्याला येत नाही, असं वाटून पुन्हा विचारायचं नाही. या एका शब्दावर त्या माणसानं चौतीस वर्षं नोकरी केली.

एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. समितीतल्या एका आगाऊ माणसानं सरांना म्हटलं, ‘डॉक्टर साहब, एक टायट्रेशन आप ही करके दिखाइए, बच्चों को प्रेरणा मिलेगी.’ टायट्रेशन म्हणजे अकरावीतल्या पोराचं काम. फ्लास्कमध्ये आम्ल, वरून नळीतून थेंब थेंब आम्लारी, आणि आम्लात आधी टाकलेला दर्शकाचा एक थेंब शेवटच्या क्षणी गुलाबी होतो. सर कोट सावरून उभे राहिले आणि थेंब सोडू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, नळी संपली, दुसऱ्यांदा भरली. फ्लास्क पाण्यासारखा पांढराच. सरांनी दर्शक टाकलाच नव्हता. मला दिसत होतं, पोरांना दिसत होतं, समितीतल्या त्या माणसालाही दिसत असावं, कारण त्यानं रुमाल तोंडाला लावला होता. शेवटी भेरूलाल टेबल पुसायच्या निमित्तानं पुढे आला आणि बोटांत लपवलेल्या ड्रॉपरनं एक थेंब आत सोडला. अख्खा फ्लास्क एका झटक्यात होळीसारखा गर्द गुलाबी झाला. सर मागे वळून म्हणाले, ‘देखिए. इसको कहते हैं धैर्य.’

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. अशी माणसं प्रत्येक कॉलेजात असतात, आणि ती नुसती निरुपयोगी असतात तोवर त्यांचं फार काही वाटत नाही. पण सरांना निकोटीननं पछाडलं.

इंदूरच्या एका परिषदेत त्यांनी ऐकलं, की परदेशात आता तंबाखूच्या पानाशिवाय, कारखान्यात निकोटीन बनवतात. परत आले ते अंगात आल्यासारखे. ‘बाई, आपण करायचं. तंबाखूशिवाय निकोटीन! पेपरात येईल.’ पानाशिवाय निकोटीन बनवणं ही काही नवी गोष्ट नव्हती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते झालेलं आहे, हे मी सांगितलं. सर म्हणाले, ‘उज्जैनमध्ये झालंय का?’

स्वतः त्यांना निकोटीनची भयंकर धास्ती होती. ‘एक थेंब! शुद्ध! कातडीतून आत जातो आणि माणूस खलास!’ हे सांगताना ते हात झटकायचे. काम करायला कोणीतरी हवं होतं. ते त्यांना मिळालं.

कविता राठौर त्या वर्षी एम.एस्सी.ला पहिली आली होती. नानाखेड्याच्या बसस्टँडमागे तिचं घर, वडील ऑटो चालवायचे. मुलगी बुटकी, हडकुळी, कोटाच्या आत ओढणी कमरेला गच्च बांधून कामाला लागायची. तिला रसायनशास्त्र हातात होतं. पुष्कळांना डोक्यात असतं, हातात फार थोड्यांना. काचेच्या जोडावर ती ग्रीसचं एक बोट फिरवायची, ते बघत राहावं असं. सरांनी तिला पीएच.डी.साठी घेतलं आणि विषय दिला, तंबाखूमधल्या अल्कलॉइडांचं संश्लेषण. मग सर पेपरवाल्यांच्या मागे लागले, ती कामाच्या.

ती अडीच वर्षं खपली. जीवनसत्त्वाच्या गोळीत असतं त्याच आम्लापासून तिनं सुरुवात केली. पायरी पायरीनं आधी मायोस्मीन, मग नॉरनिकोटीन. हे दोन्ही तंबाखूच्या पानात निकोटीनच्या शेजारी राहणारे त्याचे भाऊबंद. शेवटी नॉरनिकोटीनच्या नायट्रोजनवर एक छोटा मिथाइल गट बसवला, की निकोटीन. सांगायला सोपं आहे. आमच्याकडे दुपारी लाइट जायची, व्हॅक्यूम पंप जुना होता, रसायनं चार चार महिने यायची नाहीत. दोनदा शेवटच्या पायरीवर सगळं जळून डांबर झालं. दोन्ही वेळा तिनं फ्लास्क घासून स्वच्छ केला आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू केलं. त्या काळात सर तिच्या टेबलाशी एकूण किती वेळ उभे राहिले ते मला सांगता येईल. फोटोग्राफर आला होता तेवढा वेळ.

एका दुपारी ती मला हाताला धरून अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली. तिथं आमचं पोलारीमीटर असायचं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड नळीतल्या द्रवातून जातो, आणि द्रव तो उजेड डावीकडे वळवतो की उजवीकडे, ते दुसऱ्या टोकाला डोळा लावून वाचायचं. ‘मैम, देखिए.’ मी डोळा लावला. काटा शून्यावर. मी पुन्हा बघितलं. शून्य. मी तिच्याकडे वळले तेव्हा ती हसत होती.

ते शून्य किती मोलाचं होतं हे सांगायला हवं. भेरूलालनं दारातून विचारलं, ‘जीरो आया तो खुश काहे को हो रही हो बिटिया?’ तेव्हा तिनं त्याला समजावलं, त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, ‘दादा, निकोटीन चप्पल जैसा है. एक दाएँ पैर का, एक बाएँ पैर का. तंबाखू का पौधा सिर्फ बाएँ पैर की चप्पल बनाता है, इसलिए रोशनी बाईं तरफ मुड़ती है. पर मेरे फ्लास्क को क्या पता दायाँ-बायाँ? वो दोनों बनाता है, बराबर बराबर. एक इधर मोड़ता है, एक उधर. हिसाब जीरो.’ भेरूलालनं विचार केला आणि म्हणाला, ‘मतलब जीरो आया तो पक्का हुआ कि तुमने बनाया, पौधे ने नहीं.’

आठवी पास माणसाला हे एका मिनिटात कळलं. सरांना कळलं नाही.

‘शून्य?’ त्यांनी कागद दोन बोटांत धरला. ‘शून्य म्हणजे काहीच नाही.’

‘सर, रेसिमिक है. दोनों रूप बराबर हैं. अब टार्टरिक अम्ल से अलग करूँगी, तो...’

‘किताब में क्या लिखा है? निकोटीन बाईं ओर घुमाता है. तुम्हारा नहीं घुमाता. मतलब तुम्हारा निकोटीन ही नहीं है. ये तो मूलभूत है!’

ती पुस्तक घेऊन आली, पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी ते न बघताच मिटलं. ‘बेटा, मैं तीस साल से पढ़ा रहा हूँ.’

मी म्हटलं, ‘सर, ती बरोबर सांगतेय.’

सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ. ‘बाई, तुम्ही यात पडू नका. गाइड मी आहे.’ आणि मी पडले नाही. इतकंच लागलं मला गप्प करायला.

चार दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. आमच्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात एक जुनं प्रात्यक्षिक आहे, बाजारातल्या तंबाखूतून निकोटीन काढायचं. त्यातलं चांगलं शुद्ध केलेलं निकोटीन मी एका तपकिरी बाटलीत कुलपात ठेवत असे. विषारी पदार्थांचं कपाट, किल्ली माझ्याकडे. ‘बाई, ती बाटली द्या जरा. कविताच्या नमुन्याशी तुलना करायचीय.’ तुलना करायला कविता माझ्याकडे आली असती. मागायला सर स्वतः का आले, हातमोजे घालून, तेही ज्या पदार्थाच्या नावानं हात झटकायचे तो पदार्थ? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी कुलूप उघडलं. बाटली दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, पाव भाग रिकामी. मी कुलूप लावलं.

पुढच्या महिन्यात कविताचं प्रबंधपूर्व सेमिनार होतं. बाहेरगावाहून एक तज्ज्ञ आले होते, ठेंगणे, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून ऐकणारे. सगळा विभाग हजर. सरांनी सकाळीच कविताला बजावलं होतं, की पोलारीमीटरचं वाचन दाखवायचं नाही, ते मी बघतो. तिनं दाखवलं. पडद्यावर शून्य आलं आणि ते तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकून हसले. ‘अच्छा,’ म्हणाले. त्या एका ‘अच्छा’साठी तिनं अडीच वर्षं घातली होती. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

तेवढ्यात सर पहिल्या रांगेतून उठले. ‘माफ कीजिए, ये पुरानी रीडिंग है. लड़की घबरा गई है. असली सैंपल ये है.’ आणि कोटाच्या खिशातून त्यांनी एक छोटी कुपी काढली. चिठ्ठीवर कविताचं नाव होतं, अक्षर सरांचं. दौलत चालवणारं.

तज्ज्ञांनी कुपी उजेडात धरली. ‘चलिए, नाप लेते हैं.’ पोलारीमीटर हॉलमध्ये आणलं. त्यांनी स्वतः नळी भरली, डोळा लावला, तो बराच वेळ हलवला नाही. मग त्यांनी वाचन सांगितलं. डावीकडे, पुस्तकात असतं जवळजवळ तेवढंच.

सर विजयी मुद्रेनं सभागृहाकडे वळले.

‘डॉक्टर साहब,’ तज्ज्ञ शांतपणे म्हणाले, ‘आपके फ्लास्क ने सिर्फ बायाँ रूप कैसे बनाया?’

‘शुद्धता,’ सर म्हणाले. ‘हमने बहुत शुद्ध किया.’

‘शुद्ध करने से दायाँ रूप कहाँ गया?’

‘निकल गया.’

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी एक पातळ पट्टी मागवली, कुपीतला एक ठिपका तिच्यावर ठेवला, पट्टी द्रावकात उभी केली आणि वर चढू दिली. मग तिच्यावर अल्कलॉइडांना नारिंगी रंग देणारा फवारा मारला. मोठ्या ठिपक्याजवळ दोन बारीक नारिंगी ठिपके उमटले. पानात निकोटीनबरोबर असतात ते भाऊबंद, ॲनाबेसीन वगैरे, जे कविताच्या पद्धतीत तयार होण्याचं काही कारणच नव्हतं. ‘ये तो पत्ती बोल रही है,’ ते म्हणाले.

खोटं करायचं तर निदान विषय समजून तरी करावं. या माणसानं खरं, स्वच्छ, मेहनतीचं शून्य फेकून दिलं आणि त्याच्या जागी फसवणुकीचा पुरावा स्वतःच्या हातानं ठेवला. तोही भर सभेत, तोंडभर हसून. चौतीस वर्षांत त्यांनी संपूर्णपणे स्वतःच्या हातानं केलेला हा एकमेव प्रयोग.

पण नंतर जे झालं त्यात कोणतंही अज्ञान नव्हतं. तिथं सर एकदम हुशार झाले. कुपीकडे बघत त्यांनी दुःखानं मान हलवली. ‘कविता, बेटा, ये तुमने क्या किया? तंबाखू से निकालकर मुझे दे दिया? मैंने तुम पर भरोसा किया.’

 ती म्हणाली, ‘सर, मेरी रीडिंग तो जीरो थी. मैंने तो अभी दिखाई.’ आणि हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. कपाट एकच होतं, किल्ली एकाच माणसाकडे.

मी समोरच्या टेबलावरची पाण्याची बाटली सरळ केली.

चौकशी समिती नेमली गेली. तीन माणसं, तिघंही सरांचे चहाचे सोबती. मला एकच प्रश्न विचारला. विभागाच्या साठ्यातलं निकोटीन त्या काळात कोणी घेतलं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही. सर नंतर विभागप्रमुख होणार हे ठरलेलं होतं, माझी बढतीची फाइल त्यांच्याकडून जायची होती, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी ही कारणं स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत, की आता त्यांना वासही येत नाही. समितीनं लिहिलं, नमुना विश्वसनीय नाही, उमेदवाराच्या हातून निष्काळजीपणा झाला. गाइडबद्दल एक ओळ नाही. भेरूलाल आपणहून समितीकडे गेला होता. त्याला दारातूनच सांगितलं, तुम अपना काम करो. कविताला दुसरा गाइड मिळाला नाही. कोण घेणार? ती गेली.

वर्षभरानं मी सरांचं एक व्याख्यान ऐकलं. विषय, कृत्रिम निकोटीन. सर सांगत होते, प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटीन प्रकाश वळवत नाही, वाचन शून्य येतं, आणि हे आम्ही इथं उज्जैनमध्ये दाखवून दिलं. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी त्यांना ते पान वाचून दाखवलं होतं. टाळ्या झाल्या. शोकसभेतल्या सात जणांना मिळाली ती माहिती या व्याख्यानातली.

कविता एकदा कॉलेजात आली होती, मायग्रेशन सर्टिफिकेट न्यायला. मी तिला कँटीनमध्ये घेऊन गेले. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात ती गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. चहा गार होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली. वडिलांचं ऑपरेशन, धाकट्या भावाचं लग्न. मग म्हणाली, ‘मैम, वहाँ भी पोलारीमीटर पर ही बैठती हूँ. वहाँ जीरो आए तो जीरो लिखते हैं.’

मी म्हटलं, ‘कविता, बोतल...’

‘मुझे पता है, मैम,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ‘उसी दिन पता था. आपको बस इतना बोलना था कि आपने दी थी. मैं बाकी सँभाल लेती.’ तिनं कप बशीत ठेवला, नमस्ते केलं आणि बस आहे म्हणून निघाली. चहाला तिनं ओठही लावला नव्हता.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, फ्रीगंजमधल्या एका मेडिकलच्या दुकानात. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. स्वेटर, मफलर, हातात काठी, पण नाक तसंच. जावयाला सिगारेट सोडायची होती, त्यासाठी ते निकोटीनच्या गोळ्या घ्यायला आले होते, च्युइंगगमसारख्या चघळायच्या. पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी नाव वाचलं आणि दुकानदाराला म्हणाले, ‘ये चीज हम बनाते थे. अपने हाथ से.’ दुकानदार मोबाइलवर बोलत होता. त्यानं नुसती मान डोलावली.

मग त्यांना मी दिसले. ‘अरे, बाई! कशा आहात?’ आम्ही फुटपाथवर आलो. त्यांनी विभागाची चौकशी केली, पेन्शनबद्दल कुरकुर केली, नव्या मुलांना काही येत नाही असं सांगितलं. आणि मधेच विचारलं, ‘ती एक मुलगी होती हो माझ्याकडे. निकोटीनवर. काय नाव तिचं?’

‘कविता राठौर,’ मी म्हटलं.

‘हां. हुशार होती. मीच घडवली तिला. पुढे टिकली नाही, मेहनतीची तयारी नव्हती.’

मला वाटतं, मला जे झालं तो राग नव्हता. राग आधीच येऊन गेलेला होता. मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, ‘नाही, सर. तिचं काम खरं होतं. शून्यच बरोबर होतं. तुम्ही माझ्याकडून पानातल्या निकोटीनची बाटली घेतलीत आणि त्यातलं कुपीत भरलंत. बाटली मी दिली होती. समितीपुढे मी खोटं बोलले. आपण दोघांनी मिळून त्या पोरीचं आयुष्य बरबाद केलं.’

बाजूनं ऑटो, मोटारसायकली चालल्या होत्या, पण मी मोठ्यानं बोलले होते. त्यांना ऐकू आलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी वाट पाहिली, की आता हा माणूस निदान चिडेल. नाकारेल. निदान मला खोटारडी म्हणेल.

‘कोणती बाटली?’ त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या गोष्टीमुळे मी कित्येक वर्षं आरशात बघताना मान वळवली, ती त्यांच्या डोक्यात एक दिवसही राहिली नव्हती.

‘बाई, तुमची तब्येत बरी दिसत नाही,’ ते काळजीनं म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. ‘आराम करा. या वयात असं होतं.’ मग काठी उंच करून त्यांनी एक ऑटो थांबवला, आत नीट बसले, मफलर सारखा केला आणि गोळ्यांचं पाकीट मांडीवर ठेवलं. ऑटोवाल्याला पत्ता सांगून झाल्यावर ते बाहेर वाकले, मला हात केला आणि हसले. छान हसले. फोटोत यायचे तसे.

ऑटो घड्याळाच्या टॉवरच्या बाजूला वळून गर्दीत दिसेनासा झाला. मी परत दुकानाच्या पायरीशी आले. दुकानदाराचं फोनवरचं बोलणं संपलं होतं.

‘हाँ मैडम,’ तो म्हणाला, ‘आपको क्या दूँ?’

मी कशासाठी आले होते, ते मला काही केल्या आठवेना.